चेंडू वर, सुभाना घरी

एका राज्यात एक पारखी होता. तो सोन्याचा पारखी नव्हता, हिऱ्यांचा नव्हता आणि घोड्यांचाही नव्हता. तो माणसांची पारख करी. त्याचे नाव हैबतराव, आणि त्याच्या जिभेला सगळे राज्य घाबरत असे.

त्या राज्यात टोपलीच्या खेळाचे वेड होते. मैदानाच्या दोन टोकांना दोन उंच खांब आणि प्रत्येक खांबावर एक टोपली. पाच खेळाडू इकडचे, पाच तिकडचे. समोरच्या टोपलीत चेंडू टाकायचा आणि आपल्या टोपलीत पडू द्यायचा नाही, एवढाच खेळ. आपल्या टोपलीला लोक ‘घर’ म्हणत. पूर्वी टोपलीला बूड होते, त्यामुळे दरवेळी शिडी लावून चेंडू काढावा लागे. पुढे कोणा शहाण्याने बूड कापून टाकले आणि खेळाला वेग आला.

विद्यालयांतली मुले शिकता शिकता हा खेळ खेळत. शिक्षण संपले की राजाचे संघ त्यांच्यातून खेळाडू उचलत. त्या दिवसाला ‘निवड’ म्हणत. आदल्या वर्षी जो संघ तळाला राहिला असेल त्याने आधी निवडायचे, म्हणजे दुबळ्याला बळ यावे, असा नियम होता. नियम चांगला होता. निवडीत नाव आले की पोराच्या खांद्यावर संघाचा शेला पडे. नाव आले नाही तर त्याचा खेळ तिथेच संपे, कारण निवडीत एकदाच उभे राहता येई. त्यानंतर एखाद्या संघनायकाने नाव घेऊन बोलावले, तरच राजासमोर एक शेवटचा सामना खेळायला मिळे. तसे फार क्वचित घडे.

निवडीच्या आधी पारख होई. पोरांना उघडे करून खांबाला टेकवून उभे करत. उंची बघत, हात पसरायला लावत, उड्या मारायला लावत. बैलबाजारात चालते तेच इथे चाले. फक्त दात बघत नसत, आणि एका वर्षी कोणीतरी तेही बघितले होते.

मग सामने होत. एकेक सामना झाला की हैबतराव चावडीच्या पायऱ्यांवर उभा राही आणि त्यात खेळलेल्या प्रत्येक पोराविषयी एक वाक्य बोले. त्याला ‘शेरा’ म्हणत. शेरा एका दमात म्हणता यावा, ऐकताच पाठ व्हावा आणि लोकांना हसू यावे, अशी हैबतरावची रीत होती. “हात लांब, श्वास तोकडा.” “उडी आभाळात, डोकं खालीच राहिलं.” असे काहीबाही. लोक टाळ्या पिटत. धोंडू दवंडीवाला तो शेरा घेऊन गावोगाव जाई. पोरगा घरी पोचण्याआधी शेरा पोचलेला असे.

राज्यात आणखीही पारखी होते. हैबतराव काय म्हणतो ते ऐकायचे, तेच जरा शब्द फिरवून सांगायचे आणि त्याला स्वतःचे मत म्हणायचे, हा त्यांचा धंदा. संघनायक सामने बघायला येत, पण मैदानाकडे थोडे आणि हैबतरावच्या तोंडाकडे जास्त बघत.

हैबतराव पूर्वी असा नव्हता. तरुणपणी तो मैदानाभोवती फिरत सामने बघे. कधी या खांबाखाली, कधी त्या खांबाखाली, कधी झाडावर. धुळीने कपडे भरून जात. तेव्हा त्याचे शेरे लांबलचक असत. कोणी हसत नसे, पण खेळाडू कान देऊन ऐकत. पुढे राजाने खूश होऊन त्याला उगवतीच्या खांबामागे रेशमी मांडव घालून दिला. त्यात गादी होती, लोड होता आणि सरबत होते. पारखीला चेंडू जवळून दिसावा म्हणून ज्यांची पारख असेल त्या विद्यालयाने मांडवाच्या दिशेनेच खेळायचे, असाही नियम झाला. त्यानंतर हैबतराव गादीवरून उठला नाही. उठण्याची गरजच उरली नव्हती. सगळे राज्य त्याच्याकडे तोंड करून खेळत होते.

एका वर्षी डोंगराकाठच्या विद्यालयातला सुभाना पारखेला आला. त्याचा बाप बुरूड होता, बांबूच्या टोपल्या विणी. मैदानावरच्या दोन्ही टोपल्या त्याच्याच हातच्या होत्या. सुभानाची उंची बेताची होती. उडीही बेताची. पण त्याची एक सवय सगळ्यांच्या डोळ्यांत भरली. आपल्या गड्याने चेंडू टोपलीकडे भिरकावला की बाकीचे खांबाखाली धाव घेत. सुभाना त्याच क्षणी पाठ फिरवी आणि उलट दिशेने, आपल्या घराकडे पळत सुटे.

हैबतरावने लोडावर टेकून हे बघितले. चेंडू वर गेला की सुभानाची पाठ लहान लहान होत जाताना दिसे. पाठ तेवढी दिसे. पुढे काय होई ते धुळीत दिसत नसे, आणि दिसावे असे हैबतरावला वाटलेही नाही, कारण त्याला शेरा सुचला होता. शेरा सुचला की हैबतरावचे बघणे संपत असे.

दुसऱ्या दिवशी तो पायऱ्यांवर उभा राहिला आणि म्हणाला, “चेंडू वर, सुभाना घरी.”

लोक पोट धरून हसले. पायऱ्यांखाली सुभानाही उभा होता. आजूबाजूचे हसले म्हणून तोही जरासा हसला. मग त्याने मान खाली घातली.

संध्याकाळपर्यंत शेरा बाजारभर झाला. भाजीवाली उठून चालली की शेजारीण म्हणे, “काय गं, चेंडू वर गेला वाटतं.” मुले गल्लीत चेंडू उडवत आणि एकमेकांना चिडवत. ज्यांनी सुभानाला खेळताना कधी बघितलेच नव्हते त्यांनाही तो भित्रा आहे हे पक्के ठाऊक झाले.

सुभानाचे गुरुजी चिमणाजीपंत हैबतरावकडे आले. शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला होता.

“हैबतराव, माझा पोरगा पळत नाही. परततो.”

“गुरुजी, तुमचा प्रत्येक पोरगा हिराच असतो. हे मी दरवर्षी ऐकतो.”

“हिरा नाही म्हणत मी त्याला. उंच नाही, उडी नाही, सगळं मान्य. पण चेंडू हुकला आणि समोरच्यांच्या हाती लागला, तर आपल्या घराशी कोण असतं? चौघं तर तुमच्या मांडवापुढे हात वर करून उभे असतात. हा एकटा असतो तिथे.”

“असेल.”

“असेल नाही. आहे. एकदा मावळतीच्या टोकाला बसून बघा.”

हैबतराव हसला. “मला राजाने मांडव दिलाय, गुरुजी. मी त्या टोकाला भाजीवाल्यांत जाऊन बसू?”

“पूर्वी बसत होतात,” गुरुजी म्हणाले आणि निघून गेले.

पारखेचा शेवटचा सामना निवडीच्या आदल्या दिवशी असे. त्या दिवशी हैबतराव मैदानावर आला तेव्हा त्याच्या मांडवात राणीसाहेबांच्या माहेरची मंडळी बसली होती. त्यांची पोरे त्याच्या लोडावर नाचत होती. सरबतही संपले होते. कारभारी हात जोडून म्हणाला, “रावसाहेब, आजच्या दिवस जरा सांभाळून घ्या. पाहुण्यांना उठवता येत नाही.”

हैबतरावला राग आला, पण राणीच्या माहेरावर रागावून चालत नाही. तो पाय आपटत मैदानाला वळसा घालून गेला. मोकळी जागा फक्त मावळतीच्या खांबाजवळ होती. एका दगडावर रुमाल टाकून तो बसला. बाजूला काकड्या विकणारी बाई होती. तिने त्याला ओळखले नाही. “सरका की थोडं,” ती म्हणाली.

सामना सुरू झाला. सुभानाच्या विद्यालयाने चेंडू नेला, वर भिरकावला आणि चौघे खांबाखाली धावले. सुभाना वळला. या खेपेला हैबतरावला त्याची पाठ दिसली नाही. सुभाना त्याच्याच दिशेने येत होता. त्याचा चेहरा हैबतरावने पहिल्यांदा बघितला, आणि तो चेहरा भित्र्याचा नव्हता. दाराला कडी घातली नाही हे वाटेत आठवून कोणी माघारी धावावे, तशी त्याची घाई होती.

चेंडू हुकला. समोरच्यांनी तो पकडला आणि लांब फेकला. त्यांचा उंच गडी एकटा सुसाट येत होता. घराशी सुभाना उभा होता. त्याने उडी मारली नाही, हातवारे केले नाहीत. तो फक्त वाटेत उभा राहिला, तेही अशा जागी की उंच गड्याला थांबावे लागले. तेवढ्यात बाकीचे चौघे परत आले. टोपली वाचली.

पुन्हा तेच घडले. पुन्हा पुन्हा घडले. दरवेळी उगवतीला टाळ्या वाजत, कारण चेंडू तिकडे वर जाई. मावळतीला टोपली वाचे आणि टाळी कोणीच वाजवत नसे. वाचलेली टोपली रिकामी असते. रिकाम्या टोपलीत बघण्यासारखे काय असते?

काकडीवालीने मीठ लावलेली फोड तोंडात टाकली आणि म्हणाली, “तोच ना हा? चेंडू वर, सुभाना घरी?” आणि स्वतःशीच हसली.

हैबतराव हसला नाही. गेल्या कित्येक वर्षांत आपण किती पोरांची नुसती पाठ बघितली, हा विचार मनात आला आणि त्याने तो लगेच झटकला.

चिमणाजीपंत त्याच्यामागे येऊन उभे होते. त्यांनी विचारले, “दिसलं?”

आता खरे बोलायची वेळ होती. पायऱ्या जवळच होत्या. धोंडू दवंडीवाला तिथेच भजी खात होता. निवड दुसऱ्या दिवशी होती. ‘माझे चुकले’ हे दोन शब्द बोलायचा अवकाश होता.

हैबतराव म्हणाला, “ऊन डोळ्यांवर होतं.”

गुरुजींनी आभाळाकडे बघितले. आभाळ भरून आले होते. त्या बघण्याने हैबतरावला जे वाटले ते शिव्या खाऊनही वाटले नसते. तरी तो रुमाल झटकून घरी गेला. वाटेत तो मनाशी म्हणाला, शेरा बदलला तर उद्या लोक म्हणतील, मागचे शेरेही चुकले असतील. एका पोरापायी सगळ्या राज्याचा विश्वास कशाला घालवा? पुढच्या वर्षी पद्धतच बदलू. लबाडीला असे मोठे मोठे कपडे घालता येतात. हैबतराव शिकलेला माणूस होता, त्यामुळे त्याच्याकडे कपडे भरपूर होते.

निवड झाली. तळाच्या संघाचा नायक मानाजी याचे नाव आधी पुकारले. त्याच्या संघाला सगळ्यांत जास्त गरज घर राखणाऱ्याची होती. त्याने रांगेत उभ्या असलेल्या सुभानाकडे बघितले, मग हैबतरावकडे बघितले. हैबतराव पागोटे नीट करत होता. मानाजीने दुसऱ्याच एका उंच पोराचे नाव घेतले. त्याच्यावर हैबतरावचा शेरा होता, “चेंडूच्या आधी पोचतो.” एकेका पोराच्या खांद्यावर शेला पडत गेला. शेवटी शेले संपले आणि सुभाना उभाच राहिला. मग तो बापाबरोबर बैलगाडीत बसून गावी गेला. गाडीमागे मुले ओरडत होती. काय ओरडत होती ते सांगायला नको.

त्या वर्षी राज्यातला खेळ बदलला. ज्याला त्याला चेंडूच्या आधी पोचायचे होते. गल्लीतल्या मुलांचा चेंडू वर गेला की दहाच्या दहा मुले एका खांबाखाली जमत. मागे कोणी राहिले की बाकीची ओरडत, “सुभाना, सुभाना.” हैबतराव खिडकीतून ऐके आणि खिडकी लावून घेई.

मग शेजारच्या राज्याचा संघ खेळायला आला. राजाने आपले निवडक पाच उतरवले. सगळे हैबतरावच्या शेऱ्यांनी नावाजलेले. चेंडू वर गेला की पाचही जण उगवतीच्या खांबाखाली पोचत. ते दृश्य फार छान दिसे. चेंडू हुकला की पाहुणे तो उचलून लांब फेकत, आणि त्यांचा एक लहानखुरा गडी चालत चालत जाऊन तो मावळतीच्या मोकळ्या टोपलीत टाकून येई. चालत. त्याला धावावेही लागले नाही. राज्याची अशी शोभा आधी कधी झाली नव्हती. पाहुण्यांचे लोक आधी ओरडले, मग हसले. मग त्यांनाही कसेसे वाटू लागले आणि ते गप्प झाले. पाहुण्यांनी कीव करून गप्प बसावे, याहून वाईट हरणे नसते.

राजाने सगळ्यांसमोर विचारले, “आपल्या घरी कोणीच कसं नसतं?”

प्रश्न सोपा होता. उत्तरही सोपे होते. ‘महाराज, एक होता. मी घालवला.’

हैबतराव म्हणाला, “शोधतो, महाराज.”

दुसऱ्या दिवशी तो गुपचूप मानाजीकडे गेला. “तो डोंगराकाठचा सुभाना. त्याचं नाव घेऊन बोलवा. शेवटचा सामना खेळू द्या.”

मानाजी चकित झाला. “अहो, पण तुमचाच शेरा...”

“शेऱ्याचं राहू द्या. बोलवा.”

“कारण काय सांगू?”

“कारण कशाला सांगायचं? पोरगा मैदानावर उतरला की दिसेलच.”

हैबतरावला ही युक्ती फार आवडली. पोराचे भले होईल आणि आपल्याला पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. चूक दुरुस्त होईल आणि ती कोणाची होती हे कोणाला कळणार नाही. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

सामन्याच्या दिवशी सुभाना आला. बापही आला होता, खांबापाशी उभा होता. पोराच्या अंगावर वर्षभराची मेहनत दिसत होती. पाय भरले होते. चालण्यात उतावीळपणा होता. हैबतराव मांडवात बसला होता, शेजारी राजा. हैबतराव आज खुशीत होता.

चेंडू वर गेला.

सुभाना वळला नाही. तो पुढे धावला. सगळ्यांच्या आधी खांबाखाली पोचला, हात वर केले, उडी मारली. चेंडू हुकला आणि समोरच्यांच्या हाती गेला. मावळतीची टोपली एकटी उभी होती. तिच्याखाली कोणी नव्हते.

हैबतराव अर्धवट उठला. पुन्हा चेंडू वर गेला, पुन्हा सुभाना पुढे आला. या खेपेला तो मांडवाच्या इतक्या जवळ आला की त्याच्या छातीचा भाता ऐकू येत होता. ‘मागे जा, पोरा. घरी जा.’ एवढे ओरडले असते तरी चालले असते. हैबतरावने तोंड उघडले. राजाने त्याच्याकडे बघितले. कारभाऱ्याने बघितले. हैबतराव खोकला आणि खाली बसला.

सामना संपला. मानाजी मांडवाशी येऊन म्हणाला, “नाही जमत, रावसाहेब. वेग आहे, पण असे माझ्याकडे पाच आहेत. मला वाटलं होतं याच्यात काही वेगळं असेल.” राजाने मान हलवली आणि सगळे उठले. सुभानाची शेवटची संधी संपली.

सुभाना घाम पुसत थेट हैबतरावपाशी आला. वाकून त्याच्या पाया पडला. त्याचा चेहरा उजळला होता.

“निवड नाही झाली, असू दे,” तो म्हणाला. “पण काका, सुधारलो ना? वर्षभर रोज पहाटे उठून हेच केलं. बाबा चेंडू वर टाकायचे आणि मी पुढे पळायचो. पाय आपोआप मागे वळायचे. मग बाबांनी कमरेला दोरी बांधली आणि ते धरून उभे राहिले. आता नाही वळत. चेंडू वर गेला तरी मी घरी जात नाही. तुम्ही सांगितलं होतंत ना.”

खांबापाशी उभ्या असलेल्या बुरुडाने दुरूनच हात जोडले.

हैबतरावला जमीन गिळेल तर बरे असे झाले. जमीन असल्या वेळी गिळत नाही. तिथेच उभे राहावे लागते.

“सुभाना,” तो म्हणाला, “तू घरी जात होतास तेच बरोबर होतं.”

सुभानाला कळले नाही. तो हसतच राहिला. “म्हणजे?”

“तुझ्यात खोड नव्हती. माझं बघणं चुकलं. मी या टोकाला बसलो होतो. मला तुझी पाठ दिसली.”

“कधी कळलं तुम्हांला?”

इथेही खोटे बोलता आले असते. पण त्या पोराचा हात अजून हैबतरावच्या पायांजवळ होता.

“निवडीच्या आदल्या दिवशी.”

सुभाना उभा राहिला. त्याने मागे वळून मावळतीच्या टोपलीकडे बघितले, बापाकडे बघितले. मग हळू आवाजात विचारले, “आदल्या दिवशी कळलं होतं. मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

हैबतराव शब्दांचा राजा होता. त्याचा हात पागोटे नीट करायला गेला. सुभाना बापाकडे गेला आणि दोघे निघून गेले. त्याने शिवी दिली असती तर हैबतरावला बरे वाटले असते.

त्याच दिवशी हैबतराव चावडीच्या पायऱ्या चढला. लोक जमले. हैबतरावने सगळे सांगितले. मांडवाचे सांगितले, काकडीवालीच्या शेजारच्या दगडाचे सांगितले, उन्हाचे खोटे सांगितले, मानाजीकडे लपून गेल्याचे सांगितले. काही लपवले नाही. चिमणाजीपंत गर्दीत होते. ते ऐकत राहिले, पण त्यांनी मान डोलावली नाही.

मग कोणीतरी विचारले, “शेरा काय?”

“हाच शेरा.”

धोंडू दवंडीवाल्याने डोके खाजवले. “रावसाहेब, हे फार लांब आहे. माझ्या तोंडात बसायचं नाही. एका दमात होईल असं काहीतरी द्या की.”

हैबतरावने प्रयत्न केला. खूप केला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फजितीला शब्द जुळवणाऱ्या त्या माणसाला एका पोराच्या न्यायासाठी एक सुबक ओळ जुळवता आली नाही. “जमेल तसं सांग,” तो शेवटी म्हणाला.

धोंडू गावोगाव जाऊन आला. हैबतरावने त्याला रस्त्यातच गाठले. “सांगितलंस?”

“सांगितलं.”

“काय म्हणाले लोक?”

“म्हणाले, हो का.”

“आणि?”

धोंडूने ढोलक दुसऱ्या खांद्यावर घेतला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला सांगायला जड गेले. “ते जुनं मात्र म्हणतात अजून. पोरांच्या तोंडी बसलंय. त्याला काय करणार?”

हैबतरावने मांडव राजाला परत केला. लोकांनी त्याचे फार कौतुक केले. त्याला ते ऐकवेना. पुढे सुभाना गावी बापाशेजारी बसून टोपल्या विणू लागला. चिमणाजीपंत त्याला विद्यालयात मुलांना शिकवायला बोलवायला गेले होते. तो म्हणाला, “येतो, गुरुजी. पण आधी माझे पाय पुन्हा मागे वळू देत.” ते वळले की नाही, हे कोणी सांगत नाही.

हैबतराव मात्र गावातच राहिला. दिवस मावळायच्या सुमारास तो गल्लीतून चालत जाई. मुले खेळत असत. कोणीतरी चेंडू उंच भिरकावी, आणि सगळी गल्ली एका सुरात ती ओळ म्हणे. चेंडू वर गेला की सगळे वर बघत. हैबतराव खाली बघे.

तात्पर्य: कोणाविषयी निकाल देण्याआधी आपली जागा सोडून त्याच्या बाजूने जाऊन बघावे, आणि निकाल चुकला हे कळले, तर तो त्याच दिवशी, त्याच पायऱ्यांवरून, तेवढ्याच मोठ्या आवाजात मागे घ्यावा. लाजेपायी आपण उशीर करतो, आणि त्या उशिराची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते.